डॉक्टर सोडून आरोग्यसेवेत आणखी कोण असतं? धाराशिव जिल्ह्यातून समजून घेऊ

'आरोग्य क्षेत्रात करिअर' म्हटलं की धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत एकच रस्ता डोळ्यांपुढे येतो. दहावी झाली की लातूर गाठायचं, दोन वर्षं क्लास, मग नीट. मार्क कमी पडले की रिपीट. दुसऱ्यांदाही कमी पडले की शेत विकून खासगी कॉलेज, नाहीतर 'आता काय, बीएस्सी कर' असा नाइलाज.

२०२२-२३ पासून धाराशिव शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे एमबीबीएसच्या १०० जागा आहेत. यातल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्यभरातल्या मुलांसाठी खुल्या असतात. पूर्वी विभागानुसार ७०:३० असा कोटा होता. मराठवाड्यातूनच मागणी झाल्यावर तो २०२० मध्ये रद्द झाला. त्यामुळे कॉलेज गावात आलं म्हणून जागा गावातल्या मुलामुलींना राखीव, असं काही नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत, त्यातला हा एक. एवढ्या लोकांची आरोग्यसेवा नेमकी चालवतं कोण? या प्रश्नाचं उत्तर शोधलं तर करिअरच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर मिळतं.

जगाने दखल घेतलेलं काम, आणि ते करणाऱ्या नर्सबाई

या जिल्ह्यात झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष जगभरातल्या डॉक्टरांना माहीत आहेत. जिल्ह्यात मात्र त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर सापडला तर बाई वाचते. खेड्यातल्या बाईला तो लवकर सापडावा यासाठी कोणती तपासणी उपयोगी, हे शोधण्यासाठी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्याची पेशींची, म्हणजे पॅप तपासणी. तिसऱ्या गटात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. चौथ्या गटाला नेहमीची उपलब्ध सेवा तेवढी मिळाली.

निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात सुमारे ३४ हजार महिला होत्या. त्यांच्यात पुढच्या टप्प्यातला कॅन्सर ३९ जणींना झाला आणि ३४ जणी दगावल्या. चौथ्या गटात महिला थोड्या कमीच, साधारण साडेएकतीस हजार. तिथे पुढच्या टप्प्यातला कॅन्सर ८२ जणींना झाला आणि ६४ जणी दगावल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणी सुचवते. त्यामागच्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे.

हे काम कोणी केलं ते बघा. गावात जाऊन महिलांची नोंद करणारे आणि त्यांना तपासणीला या म्हणून समजावणारे आरोग्य कार्यकर्ते होते. नमुने घेणाऱ्या आणि डोळ्यांनी तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित एएनएम, म्हणजे नर्सबाई. काचपट्ट्या वाचायला पेशीतज्ज्ञ, एचपीव्ही चाचणी करायला प्रयोगशाळा तंत्रज्ञ. संशय आला की पुढची तपासणी, बायोप्सी आणि उपचार डॉक्टरांकडे. बायोप्सीचा निदानअहवाल पॅथॉलॉजिस्टकडून. मग वर्षानुवर्षं कोण आजारी पडलं, कोण वारलं याचा पाठपुरावा आणि शेवटी सगळ्या आकड्यांचा अर्थ लावणारे संख्याशास्त्रज्ञ. डॉक्टर या साखळीची एक कडी होते. महत्त्वाची कडी, पण एक.

त्याच काळात मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनेच सुमारे दीड लाख महिलांवर दुसरा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना प्रशिक्षण देऊन डोळ्यांनी करायची तपासणी सोपवली होती आणि ती दर दोन वर्षांनी अशी चारदा झाली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच झाली होती आणि मृत्यूंत ठळक फरक दिसला नव्हता.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या हजारो बायकांना तपासणी न देणं योग्य होतं का, असा तो प्रश्न होता. संशोधकांचं म्हणणं असं की त्या वेळी भारतात अशी तपासणी कोणालाच नियमित मिळत नव्हती. टीकाकारांना ते पटलं नाही. मला स्वतःला टीकेत तथ्य वाटतं, कारण पॅप तपासणी उपयोगी पडते हे जगाला आधीच माहीत होतं. पण करिअरच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट दिसते. संशोधनात रुग्णांचे हक्क पाहणाऱ्या नीतिसमित्या, संमतिपत्र समजावून सांगणारे समन्वयक, नोंदी तपासणारे लोक ही आज आरोग्य क्षेत्रातली वेगळी कामं आहेत. पुण्या-मुंबईत जीवशास्त्र किंवा फार्मसीची पदवी घेतलेली बरीच मुलं 'क्लिनिकल रिसर्च'मध्ये हेच काम करतात.

शेजारच्या बार्शीचं आणखी एक सांगायला हवं. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीसोबत परंडा आणि भूम हे तालुके आहेत. गावोगाव फिरून, लोकांशी बोलून, कोणाला गाठ आहे, कोणाला बरेच दिवस रक्तस्राव होतोय हे विचारत नोंद ठेवणं हे तिथल्या क्षेत्र कर्मचाऱ्यांचं काम. अशा कामासाठी एमबीबीएस लागत नाही. गावाची भाषा आणि चिकाटी लागते.

गावात: आशा, नर्सबाई, आरोग्यसेवक

साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती असते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर हे पद आलं. ती त्याच गावची असावी लागते. गरोदर बाईची नोंद, दवाखान्यात बाळंतपण, लसीकरणाला मुलं जमवणं ही तिची ओळखीची कामं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिला पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्याव्या लागतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन, ताप, दूध ओढतंय का, सगळं पाहायचं. वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक असते.

आशा सरकारी नोकर नाही. तिला पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला मिळतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात, २०२३-२४ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. 'आशा हो, पुढे पर्मनंट होशील' असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. मात्र या कामातून गावाच्या आरोग्याची जी जाण येते ती एएनएम किंवा समाजकार्याच्या शिक्षणात फार उपयोगी पडते.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला, डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या महिलांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरची ती वर्षं. उमरगा-लोहारा भागातली गावं तेव्हा जमीनदोस्त झालेली. डॉक्टर येतील तेव्हा येतील, तोवर गावात कोणीतरी हवं, हा त्यामागचा साधा विचार होता. आशा योजना यायला अजून बराच अवकाश होता.

आशाच्या वर उपकेंद्र. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. इथे एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका असते. गावात तिला 'नर्सबाई' किंवा 'सिस्टर' म्हणतात. लस टोचणं, गरोदरपणाची तपासणी, गोळ्या, कुटुंबनियोजन तिच्याकडे. आरोग्यसेवक हा तिचा पुरुष सहकारी. तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेणं, डासांच्या अळ्या शोधणं, गावच्या पाण्यात टीसीएल पडलं की नाही हे तपासणं ही कामं तो करतो. सरकारी भाषेत त्याला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी म्हणतात आणि हे नाव अगदी खरं आहे.

आरोग्यसेवकाच्या भरतीतली एक गोष्ट बऱ्याच मुलांना माहीत नसते. यातल्या निम्म्या जागा हंगामी फवारणी कर्मचारी म्हणून ९० दिवस काम केलेल्यांसाठी असतात. पावसाळ्यात हिवताप विभागात फवारणीला गेलेल्याने तो दाखला जपून ठेवावा.

उपकेंद्रातला तिसरा माणूस नवा आहे: समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचं रूपांतर झालं (आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात), तेव्हा हे पद आलं. बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना ते मिळू शकतं. बीपी, शुगर, तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी, नियमित औषधं हे काम. पद कंत्राटी आहे. दरमहा २५ हजार ठरलेले आणि कामानुसार जास्तीत जास्त १५ हजार, अशी मोबदल्याची रचना ठेवली गेली. हातात नेमके किती येतात, हे आधीपासून काम करणाऱ्या कोणाला तरी विचारून घेतलेलं बरं.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 'हा कोणाच्या हाताखाली?' हा प्रश्न

तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहाय्यक, चालक, शिपाई ही तिथली माणसं. ही केंद्रं जिल्हा परिषदेची असतात आणि त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. तुळजापूर, उमरग्यासारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि तीस खाटांची ग्रामीण रुग्णालयं मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, ज्यांना आपण 'सिव्हिल सर्जन' म्हणतो. वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षण विभागाचं.

हे सगळं कशाला माहीत हवं? कारण एकाच कामाची भरती तीन ठिकाणांहून निघते. औषधनिर्माण अधिकाऱ्याची जाहिरात जिल्हा परिषदेची असू शकते, सार्वजनिक आरोग्य विभागाची असू शकते, वैद्यकीय शिक्षण विभागाचीही. वर राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी भरती वेगळीच. फक्त एका संकेतस्थळावर नजर ठेवून बसलेल्याच्या हातून दोन संधी निसटतात. जिल्हा परिषदांची २०२३ ची गट-क भरती राज्यभरात १९,४६० पदांची होती आणि त्यात आरोग्याची पदं मोठ्या संख्येने होती.

पगाराचा अंदाज हवा असेल तर सातव्या वेतन आयोगाचे मूळ वेतनाचे स्तर पाहा. आरोग्यसेवक-सेविका २५,५०० पासून, औषधनिर्माण अधिकारी २९,२०० पासून, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि रुग्णालयातली अधिपरिचारिका ३५,४०० पासून, एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी ५६,१०० पासून. यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. खासगी दवाखान्यात याच शिक्षणावर सुरुवातीला बरेच कमी पैसे मिळतात.

दवाखान्यातली, पण आपल्या लक्षात न येणारी माणसं

मोठ्या रुग्णालयात नर्सिंगचा पसारा सर्वांत मोठा. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. एएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएमलाही इतर शाखांची दारं उघडी असतात, इंग्रजीत ठरावीक गुण लागतात. बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्रासह विज्ञान हवं आणि त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. आर्ट्सला गेलेल्या मुलीला 'आता मेडिकलचं दार बंद' असं सांगणारे नातेवाईक इथे चुकतात. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक करून पदवीही मिळते. बीएस्सी नर्सिंगवर पुढे एमएस्सी, शिक्षकी पेशा किंवा परदेश असे रस्ते निघतात. हे काम बायकांचंच, अशी समजूत अजून आहे. जीएनएम आणि बीएस्सीला मुलंही असतात. एएनएम मात्र फक्त मुलींसाठी.

फार्मसीत डी.फार्म दोन वर्षांचा, बी.फार्म चार वर्षांचा. मेडिकल दुकान टाकायचं तर नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच, हा १९४८ च्या कायद्यापासूनचा नियम. 'सर्टिफिकेट भाड्याने देऊन महिन्याला घरबसल्या पैसे' हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. तो बेकायदा आहे, आणि चुकीचं औषध गेलं तर नाव भाड्याने देणाऱ्याचं येतं.

प्रयोगशाळेत डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी झालेले तंत्रज्ञ काम करतात. इथे एक धोक्याचं वळण आहे. तालुक्याच्या गावी स्वतःची लॅब टाकायची या हिशेबाने बरीच मुलं हा कोर्स करतात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. चाचणी तंत्रज्ञ करतो, अहवालाची जबाबदारी पॅथॉलॉजिस्टची. स्वतःच्या लॅबचं स्वप्न रंगवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीत रेडिओग्राफर असतो. त्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसेल. शरीरात किती किरणोत्सर्ग गेला हे त्यावरून ठरावीक काळाने मोजतात. डायलिसिस तंत्रज्ञ, ऑपरेशन थिएटरमधले सहाय्यक, रक्तपेढीतले तंत्रज्ञ, डोळे तपासणारे नेत्र चिकित्सा अधिकारी आणि ऑप्टोमेट्रिस्ट, ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर काम करणारे वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम पाय बसवणारे, पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट अशी ही रांग लांबत जाते. केंद्राने २०२१ मध्ये या मंडळींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत दहा गटांत मिळून पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत.

फिजिओथेरपीबद्दल थोडं जास्त सांगतो. उसाच्या मोळ्या उचलून पाठ गेलेली, ट्रॅक्टरवरून पडून गुडघा गेलेला, अर्धांगवायूने खाटेवर पडलेला अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यापर्यंत पोचणारा फिजिओथेरपिस्ट बहुधा शहरातच भेटतो. तालुक्याच्या गावी प्रामाणिकपणे बसणाऱ्याला काम कमी पडेल असं वाटत नाही.

रुग्णालयाच्या दाराशी 'आरोग्यमित्र' नावाची खुर्ची दिसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, कागदपत्रं कोणती लागतात हे सांगणारा हा माणूस. अडाणी म्हाताऱ्याचं ऑपरेशन फुकट होणार की सावकाराकडे जावं लागणार, हे कित्येकदा त्याच्यावर ठरतं. याशिवाय यंत्रं दुरुस्त करणारा जैववैद्यकीय अभियंता, लसींची शीतसाखळी सांभाळणारा तंत्रज्ञ, नोंदी भरणारा डेटा ऑपरेटर, कक्षसेवक, सफाई कामगार. सफाई कामगार दोन दिवस आला नाही तर सर्जनचं काम थांबतं.

बीएएमएस, बीएचएमएस करून काय?

धाराशिवमध्ये शासकीय आयुर्वेद महाविद्यालय बऱ्याच आधीपासून आहे. बीएएमएस आणि बीएचएमएस दोन्हींना नीट लागते. साडेचार वर्षांचं शिक्षण, वर जवळपास वर्षभराची इंटर्नशिप. स्वतःचा दवाखाना ही सर्वांना माहीत असलेली वाट. पण सार्वजनिक सेवेतही आयुष डॉक्टरांवर बरंच काही चालतं.

१०८ ची रुग्णवाहिका घ्या. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह सुरू झाली आणि इतर अनेक राज्यांपेक्षा वेगळी ठरली, कारण गाडीत डॉक्टर असतो. हे डॉक्टर बहुतेक आयुष पदवीधर. चालकाला 'पायलट' म्हणतात. सोलापूर-हैदराबाद रस्ता नळदुर्ग-उमरग्यावरून जातो, सोलापूर-धुळे रस्ता तुळजापूर-धाराशिव-येरमाळ्यावरून. या दोन रस्त्यांवर रात्री काय घडतं हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हाही आरोग्य पथकं रस्त्यावर असतात.

शाळेत मुलं तपासायला येणारी गाडी हा दुसरा प्रकार. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आयुष डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असं पथक अंगणवाड्या आणि शाळांत फिरतं. हृदयाला छिद्र असलेली, दुभंगलेल्या ओठांची, ऐकायला कमी येणारी मुलं त्यांना सापडतात आणि पुढच्या उपचाराला पाठवली जातात.

मनाचं दुखणं पाहणारे

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं. २०१५ मध्ये राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. तेव्हापासून समुपदेशन हा शब्द गावपातळीवर ऐकू येऊ लागला.

या क्षेत्रात कोण काय करतं याचा गोंधळ फार आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषधं देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला असतो आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. मनोविकार विभागातला समाजकार्यकर्ता रुग्णाच्या घरचं, कर्जाचं, दारूचं, नात्यांचं पाहतो. नुसतं तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन 'काउन्सेलर' अशी पाटी लावणारे या तिघांत बसत नाहीत.

समाजकार्य शिकायचं तर आपल्याकडे मोठी सोय आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक परिसर १९८० च्या दशकापासून तुळजापूरला आहे. देशभरातली मुलं तिथे येतात, आणि जिल्ह्यातल्या कित्येक पालकांना तिथे नेमकं काय शिकवतात याचा पत्ता नसतो. टीबी आणि एचआयव्ही कार्यक्रमांतले समुपदेशक, पर्यवेक्षक, स्वयंसेवी संस्थांचे आरोग्य प्रकल्प अशा ठिकाणी समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला मागणी असते.

फी भरण्याआधी

या क्षेत्रात फसवणूक होते ती बहुधा पॅरामेडिकलच्या नावाखाली. गाळ्यात चालणारी संस्था, परराज्यातल्या विद्यापीठाचं नाव, 'शंभर टक्के सरकारी नोकरी' असा फलक. दोन वर्षं आणि लाखभर रुपये गेल्यावर कळतं की नोंदणीच होत नाही. नोंदणी नाही म्हणजे सरकारी अर्जात तो कोर्स धरतच नाहीत, आणि मोठं खासगी रुग्णालयही घेत नाही.

त्यामुळे प्रवेशाआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा: हा कोर्स झाल्यावर माझी नोंदणी कोणत्या परिषदेत होईल? उत्तर मिळालं की त्या परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः शोधा. नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषद, औषधनिर्माणाला राज्य फार्मसी कौन्सिल, फिजिओथेरपीला व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद, लॅब-एक्स-रेसारख्या कोर्सना राज्याची पॅरामेडिकल परिषद. आरोग्याच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांची यादीही पाहता येते. संस्थेचा माणूस 'नोंदणीची गरजच नाही' म्हणाला, तर तिथून उठावं.

दुसरं, कोर्स करणारी दोन माणसं गाठा. एक नुकताच पास झालेला, एक पाच वर्षं काम करणारा. पहिला फी आणि प्रॅक्टिकलचं खरं सांगेल, दुसरा पगाराचं आणि रात्रपाळीचं. त्यासाठी मोठ्या शहरात जायची गरज नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, दुपारी बाराच्या पुढे जा. औषधाच्या खिडकीतला माणूस, लॅबवाला, नर्सबाई तिथेच भेटतात आणि सहसा मोकळेपणाने बोलतात.